एकशे चव्वेचाळीसचा हट्ट

मी एक जुना मेट्रोनोम आहे. आली ना जांभई? येऊ द्या, मला सवय आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल. लाकडी, निमुळता माझा देह, पुढे छोटंसं दार, दाराआड पोलादी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळेचं वजन. मागे आकड्यांची पट्टी. वजन वर सरकवलं की मी सावकाश टकटकतो, खाली आणलं की भरभर. साठच्या रेघेवर ठेवलं, तर मिनिटाला बरोबर साठ ठोके. वाजवणाऱ्याने माझ्या ठोक्याला धरून वाजवायचं, एवढंच माझं काम. मला गाणं येत नाही, पण भल्याभल्यांना मी वठणीवर आणलंय.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने तीन दिवस मला घड्याळासमोर चालवलं होतं. वजनातून चिमूटभर पितळ घासायचा, पुन्हा चावी द्यायचा, पुन्हा ठोके मोजायचा. शेवटी म्हणाला, "आता हा खोटं बोलायचा नाही." ते वाक्य मी आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. तीच ऐट पुढे नडली.

मी एका व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या घरी आलो. शिस्तीच्या इतक्या कडक, की त्यांच्यापुढे मीसुद्धा नरम वाटायचो. त्यांच्याकडे सरावपाठांची एक जाड वही होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या वादकांनी बोटं तयार करायला लिहिलेले अवघड पाठ. जो विद्यार्थी एखादा पाठ न चुकता वाजवेल, त्याने माझ्यावरचा आकडा आणि तारीख पेन्सिलीने समासात लिहायची, असा बाईंचा रिवाज. सगळ्यात अवघड होता चोविसावा पाठ. त्याच्या समासात एकच आकडा होता, १४४. तो बाईंनी स्वतः तरुणपणी लिहिलेला होता. तीस वर्षांत कुणी त्याच्या जवळपासही फिरकलं नाही.

बाईंचा आणखी एक नेम होता. दरवर्षी सुट्टी संपली की मला साठवर लावायचं आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. मी दरवर्षी पास!

मग बाईंची बोटं सांधेदुखीने आखडली. विद्यार्थी गळत गेले. माझी रवानगी कपाटावर झाली. घराला रंग लावताना कुणीतरी मला खाली पाडलं, वजन निसटून घरंगळत गेलं आणि ते काही सापडलं नाही. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा मी कित्येक वर्षं धूळ खात बसलो.

मला खाली काढलं ते भिंगरीने. भिंगरी म्हणजे बाईंची भाची, त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. वय सतरा, पायाला चाकं, गळ्यात काळी इलेक्ट्रिक गिटार. एका दुपारी ती कॅसेट घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, दोनच मिनिटं ऐक ना."

कॅसेट सुरू झाली. मला काचा असत्या तर तडकल्या असत्या!

"अगं बाई! कुणी लोखंडी कपाट जिन्यावरून ढकललं का?" आत्या कानावर हात ठेवत म्हणाली. (बाईंना मीही आता आत्याच म्हणतो. भिंगरीची सवय लागली.)

"हेवी मेटल म्हणतात याला."

"नाव मात्र अगदी शोभतंय. बंद कर ते."

पण तेवढ्यात त्या धडधडाटातून गिटारची एक तान सरसर वर निघाली. एकत्र वाजायचे स्वर सुटे सुटे करून, जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे चढवत नेलेले, आणि तितक्याच वेगाने खाली. आत्याचा हात कानावरून खाली आला.

"थांब. मागे घे जरा." तिने तो तुकडा तीनदा ऐकला. "ही तर आमचीच तालीम आहे! याने व्हायोलिनची वही चोरलीय मेल्याने."

"चोरली नाही गं, गिरवलीय. असं वाजवणारे जुने पाठच गिरवतात. म्हणून तर मी तुझ्याकडे आले. मला चोविसावा पाठ शिकव. बँडच्या कार्यक्रमात मी तो गिटारवर वाजवणार."

आत्याने तिची बोटं हातात घेऊन निरखली. मग म्हणाली, "माझा आकडा गाठलास, तर पहिल्या रांगेत येऊन बसेन. नाही गाठलास, तर तो गोंगाट ऐकायला मला बोलवायचं नाही."

मित्रांनो, या पोरीला टाळ्यांची हौस नव्हती. तिला फक्त पहिल्या रांगेत आत्या हवी होती.

माझं नवं वजन करून दिलं भिंगरीच्या बाबांनी. ते लेथवर काम करायचे. हात असा, की केसाचाही फरक चालायचा नाही. जुन्या वजनाची मापं माझ्या खोक्यातल्या कागदावर छापलेली होती. त्यांनी व्हर्नियर लावून प्रत्येक कड मोजली आणि पितळेचं नवं वजन आणून दांडीवर चढवलं. "घे, हुबेहूब!" आत्याने मला घड्याळाशी ताडलं नाही. दादाने केलंय म्हटल्यावर ताडायचं काय? आणि मी? मला कुणीतरी पुन्हा चावी दिली, याच आनंदात मी वेडा झालो होतो.

सराव सुरू झाला. व्हायोलिनवर बोटाबोटांत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट गिटारवर. भिंगरीचा डावा पंजा खेकड्यासारखा फाकायचा. ऐंशी, शंभर, एकशे बारा. आत्या शेजारी बसून सांगायची, "मनगट सोड. प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आला पाहिजे, सारवासारव नको." असं शिकवताना तिचा चेहरा किती वर्षांनी उजळला होता! मला वाटायचं, माझ्यामुळे या घरात जीव आला.

एका सकाळी १२६ वर पाठ स्वच्छ वाजला. भिंगरीने पेन्सिल उचलली.

"ठेव ती. एकशे चव्वेचाळीस म्हणजे एकशे चव्वेचाळीस."

"आत्या, हात भरून आलाय गं."

"माझाही यायचा. मी वाजवलं होतं ना? मग तुला काय धाड भरलीय?"

बँडमध्ये ड्रम वाजवणारा ढब्बू म्हणून एक गडी होता. एरवी टायरच्या दुकानात काम करायचा. त्याने घरी येऊन सांगितलं, "बाई, ही फार पळतेय. आकडा सांगते १२६, पण माझ्या पायाला ते पटत नाही."

आत्या म्हणाली, "तुझे पाय जड आहेत. मेट्रोनोम खोटं बोलत नाही."

ऐकलंत? माझा बिल्ला. मी ऐटीत टकटकत राहिलो.

पुढचे सहा आठवडे आठवले की माझी आतली चावीची कमान आवळते. १३२ वर पाठ फुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. भिंगरी दिवसातून सात सात तास बसायची. गरम पाण्यात हात बुडवायची आणि ओल्या बोटांनी पुन्हा मला चावी द्यायची. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप तळव्याकडे वळायला लागली. ती उजव्या हाताने सरळ करायची आणि आत्या बघायच्या आत हात पाठीमागे लपवायची. मी पाहिलं होतं. पण मला टकटक सोडून काही बोलता येत नाही.

कार्यक्रमाचा दिवस आला. आकडा १३२ च्या पुढे सरकला नव्हता. भिंगरी बूट घालून दारात उभी राहिली. "येतेस?"

"ठरलं होतं ते ठरलं होतं," आत्या म्हणाली. माणसाने इतकंही दगड असू नये!

संध्याकाळी ढब्बू एकटाच गिटार घेऊन आला. पाठ अर्ध्यावर असताना दोन्ही बोटं मिटली ती उघडलीच नाहीत, म्हणाला. लोकांना वाटलं, तार तुटली. भिंगरी तशीच मंचावर उभी राहिली, पहिल्या रांगेकडे बघत.

डॉक्टरांनी सांगितलं, की हाताने कप धरता येईल, बटणं लावता येतील. पण गिटारवर ठेवली की ती बोटं मेंदूचा हुकूम चुकीचा वाचतात. "अतिसरावाने होतं असं कधी कधी. पूर्वीसारखं होईल असं मी सांगू शकत नाही."

आठवड्याने ढब्बूने एक कॅसेट आणून दिली. तालमीत वाजवलेला चोविसावा पाठ, वर भिंगरीच्या अक्षरात '१२६'. आत्याने ती लावली आणि ऐकता ऐकता तिची आखडलेली बोटं मांडीवर हलायला लागली. ती बोटं मागे पडत होती. आत्या ताडकन उठली. "हे माझ्यापेक्षा जलद आहे. माझ्या हाताला आठवतंय."

तिने मला साठवर लावलं आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं. किती वर्षांनी! मी माझ्या परीने मन लावून चाललो. एका मिनिटात ठोके झाले सत्तर.

मग तिने मला १२६ वर लावलं. ठोके झाले एकशे सत्तेचाळीस.

भिंगरीच्या बाबांनी ते वजन काढून तळहातावर तोललं आणि उलटं करून आत बघितलं. दांडीला घट्ट धरणाऱ्या स्प्रिंगसाठी ते आतून जरा जास्त कोरलं गेलं होतं. बाहेरून हुबेहूब, पण हलकं. आणि वजन हलकं झालं की दांडी पळते. "मी मापं घेतली गं," ते बहिणीला म्हणाले. "वजनच केलं नाही."

भिंगरीला सगळं सांगितलं, तेव्हा ती खिडकीत बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं होतं. पण त्या वळशात पोरीचा हात गेला.

"म्हणजे त्या सकाळीच मी तुला मागे टाकलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तू यायला हवी होतीस."

आत्याने वही आणली आणि १४४ च्या खाली १४७ लिहून त्या सकाळची तारीख घातली. भिंगरीने त्या आकड्याकडे बघितलंही नाही. दोन वर्षं ती या घराची पायरी चढली नाही.

मला आता नवं वजन आहे, तराजूत तोललेलं. भिंगरी परत आली ती शिकवायला. मुलं व्हायोलिन आणतात, गिटार आणतात, वहीतले तेच पाठ ती दोघांकडून गिरवून घेते. स्वतः वाजवत नाही. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून असते. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. सगळं जुळलं असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल, आणि खोट्याचा मला आता धसका बसलाय.

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून ठोक्यांनीच विनवतो. माझ्यासारख्या यंत्रावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. वर्षातून एकदा तरी आम्हाला घड्याळासमोर उभं करा. आणि आकडा एक सांगत असेल, हात दुसरं सांगत असेल, तर हाताचं ऐका. आम्हाला नवं वजन बसवता येतं.

काल एका मुलीने वाजवता वाजवता मनगट झटकलं, अगदी हळूच, कुणाला दिसू नये म्हणून. भिंगरीला दिसलं. तिने डावा हात पुढे करून माझी दांडी धरली. मला थांबवायला, गिटारवर मिटणारी ती दोन बोटं पुरतात.