गुणाजीचा पिवळा शर्ट आणि माझी किंमत

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मी हवा सोडतो, त्या हवेने मूर्तींवर रंग उडतो. दहा वर्षांत हजारो पितांबरं पिवळी केली. लोक बाप्पाला हात जोडतात. मला लाथ मिळते, तीही चालू व्हायला उशीर झाला की.

चाळीस हजारांना मला आणलं, तेव्हा कृष्णाबाईंनी हळदकुंकू लावलं होतं. कारखाना त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या दिराचा, जितेशचा, अर्धा-अर्धा. मग माझ्या आयुष्यात आला गुणाजी. तो रामवाडीत बसून यांच्या वह्या लिहितो. पहिल्याच वर्षी त्याने लिहिलं, 'घसारा, पंधरा टक्के'.

घसारा म्हणजे काय? यंत्र वापरून झिजतं. म्हणून त्याची किंमत एकाच वर्षी खर्चात न टाकता दरवर्षी थोडी थोडी टाकायची. तेवढा नफा कमी दिसतो, टॅक्स वाचतो. पुढच्या वर्षी उरलेल्या किमतीवर परत पंधरा टक्के. इथवर माझी तक्रार नाही. पण हा माणूस मला एकदाही न बघता दर मार्चला कापायचा! ज्या वर्षी मला नवा पिस्टन बसला, मी धडधडत पळत होतो, त्या वर्षीही कापलं मेल्याने.

यंदा जितेशने वेगळं व्हायचं ठरवलं. रोह्याला स्वतःचा कारखाना काढणार. वाटणीच्या दिवशी गुणाजी वही घेऊन आला, पांढराशुभ्र शर्ट घालून.

"वहिनी, कॉम्प्रेसर मी नेतो," जितेश म्हणाला. "वहीत सात हजार आठशे पंच्याहत्तर हाय. निम्मे तुमचे."

"चार हजारात नवा कुठं मिळतो, भावजी? सहाशे मूर्ती रंगवायच्यात. ब्रशने करत बसलो तर माझी नि माझ्या पोरीची, नम्रताची बोटं झडतील."

"वहीत हाय तेच खरं, बाई," गुणाजी म्हणाला आणि माझ्या टाकीवर पेन आपटलं. "झिजलंय हे डबडं."

डबडं! मी!

"चालतो का बघू," म्हणत जितेशने बटण दाबलं. माझ्या पाईपचा क्लॅम्प दोन महिने सैल होता. मी रोज फुसफुसून सांगत होतो, कोण ऐकतो? पाईप सुटला, सापासारखा उडाला, पिवळ्या रंगाचा डबा त्याने आडवा केला आणि सगळा रंग गुणाजीवर! मिशीपासून पट्ट्यापर्यंत पितांबर.

"बाराशेचा शर्ट माझा! भरून द्या!"

"देऊ की. घेतलात कधी?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"नम्रता, मोबाईल काढ गो. बाराशे, पंधरा टक्के, दोनदा."

"आठशे सदुसष्ट, आई," पोरगी म्हणाली.

"येडी झालीस काय!" गुणाजी किंचाळला. "आज हाच शर्ट पंधराशेला येतो! वहीतला आकडा येगळा, बाजारातली किंमत येगळी, एवढं पण कळत नाय?"

जितेशने कपाळावर हात मारला.

"परत बोला गुणाजीभाऊ," कृष्णाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "भावजींना नीट ऐकू नाय आलं."

मग पेणवरून मेकॅनिक आला. त्याने मला उघडून पाहिलं, ऐकलं आणि तीस हजार सांगितले. निम्मे पंधरा द्यायची वेळ आली तसा जितेशला मी एकदम नकोसा झालो. कृष्णाबाईंनीच पंधरा मोजले आणि मला ठेवून घेतलं. जितेश रोह्याला गेला, माझ्याकडे वळूनही न बघता. बरं झालं. लाथा त्याच्याच जास्त असायच्या.

तेव्हा मित्रांनो, घसारा खुशाल लिहा. पण पेन टेकवण्याआधी एकदा यंत्राजवळ या, तेल बघा, क्लॅम्प आवळा. नाही आवळलात तर आमच्यासमोर पांढरं घालून उभे राहू नका.

गुणाजीला आठशे सदुसष्टच मिळाले. शर्ट तो इथेच फेकून गेला. नम्रता आता त्यानेच माझं तेल पुसते. एक बाही गेली, कॉलर अजून शाबूत आहे. निदान पाच वर्षं तरी कामाला येईल.