दुखण्याचा भरवसा

आमचे बाबा दुखण्यावरच भरवसा ठेवतात. सुई टोचल्याशिवाय त्यांचा ताप उतरत नाही. त्यामुळे साकोलीच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू बसवला आणि त्यांना फक्त थोडा दाब आणि घरघर जाणवली, तिथेच बिनसलं.

"आता बधिर आहे, दोन-तीन तासांनी ठणकेल," बाईंनी समजावलं. "दोन-तीन दिवस सूज राहील. गोळ्या घ्या, मऊ खा आणि तंबाखूचा खर्रा बंद. स्क्रूवरचा दात तीन महिन्यांनी लावू."

बाबांनी निमूट मान हलवली. आमच्या गावाच्या, एकोडीच्या वाटेवर मात्र ते सुरू झाले.

"तृप्ती, ह्या बाईनं फसवलं आपल्याले. वावरात बोअर मारला तं अख्खं गाव हाललं होतं. इथं हाडात भोक पाडलं म्हंते, अन् मले काहीच नाही? दात बी नाही देल्ला."

मी समजावून थकले. घरी पोचलो तरी ते परत जाऊन भांडायच्याच तयारीत होते.

"जा एकटे," मी म्हटलं. "मी नाही येत."

चार वाजता ते गालाला हात लावून ओट्यावर बसले. पाचला गाल सुजायला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी गोळी नेऊन दिली.

"आधी फोन लाव बाईले," ते म्हणाले.

मी लावून दिला. सुजल्या तोंडाने, अगदी समाधानाने बाबा बोलले, "बाई, माफ करा. खरंच बसवला जी तुमी."