मुंडी वर

"टू फॉर यू, अंकल. वन मॉम, वन डॅड," असं म्हणत इनायतने सदानंदच्या हातावर दोन लॉलीपॉप ठेवले आणि ती पुढच्या पालकांकडे पळाली. पोर संघात नवीन. तिला कोण सांगणार? सदानंदने एक खिशात टाकला आणि दुसऱ्याचा कागद सोलला.

आखातातल्या मुऐदरच्या त्या मैदानावर आज पालकांना बोलायला बंदी होती. मुलींच्या क्लबची कोच डेना अमेरिकेची, आणि पद्धतही तिकडचीच. हंगामात एक शनिवार असा, की रेषेबाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही. तोंडात लॉलीपॉप धरायचा आणि पोरींना आपल्या डोक्याने खेळू द्यायचं.

"अहो, आपण काय तान्ही बाळं आहोत का, तोंडात बोळा कोंबायला?" पुण्याच्या कमलिनीताईंनी नाक मुरडलं. सदानंदच्या नुपूरसारखी त्यांची लेक ईशाही याच संघात होती. "आज मृणालिनी असती ना, तर..." आणि त्यांनी जीभ चावली.

"असू दे ताई," सदानंद म्हणाला.

त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. बायको गेली त्या रमजानपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. प्लँटवर जायचं, परत मदिनत खलिफाला घरी यायचं, कुकर लावायचा, झोपायचं. लोक म्हणत, सदानंदने किती धीराने घेतलं! कसला धीर न् कसलं काय! दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसा तो आतून होता.

मृणालिनी कोल्हापूरची. तिचे भाऊ तिथल्या पेठेच्या संघातून खेळलेले, त्यामुळे फुटबॉल तिच्या अंगात आणि आवाज तर विचारूच नका. नुपूरला चेंडू पायात आला की खाली बघायची खोड. ती खाली बघायला लागली रे लागली की रेषेवरून आरोळी यायची, "अगं, मुंडी वर घे की! पायाखाली सोनं पुरलंय व्हय?" डेना विनवायची, "मृणालिनी, प्लीज, नो कोचिंग!" ही "ओके, ओके" म्हणायची आणि लगेच पुन्हा सुरू. नाशिकचा सदानंद तेव्हा गाडीत बसून ऑफिसचे मेल बघत असे.

आई गेल्यावरही नुपूर खेळायला येत होती, पण मैदानावर तोंड म्हणून उघडत नव्हती. आणि गेल्या शनिवारी सदानंदने नको तो शहाणपणा केला. पोरीला बरं वाटेल म्हणून रेषेवर उभा राहिला आणि मृणालिनीचंच वाक्य ओरडला. नुपूर मैदानाच्या मधोमध थांबली. चेंडू गेला, गोल झाला, तरी ही आपली उभीच. मग चालत बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली.

"डोन्ट एव्हर से दॅट, बाबा." घरी पोचेपर्यंत एवढंच बोलली.

त्या संध्याकाळी डेनाचा फोन आला. पुढच्या सामन्यात ती अशीच थांबली, तर हा हंगाम तिला विश्रांती देऊ. विश्रांती! फुटबॉल सुटला तर पोरीपाशी आईचं उरणार तरी काय? पण हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सदानंदला सुचेना. तो नुसता ओके म्हणाला होता.

शिट्टी झाली. इतकं माणूस जमलेलं, पण ऐकू येत होते ते फक्त बुटांचे आवाज. पूर्वार्धात नुपूरने दोनदा चेंडू घालवला, मान खाली घालूनच. सदानंदच्या लॉलीपॉपची साखर कधीच विरघळली होती. तो काडी चावत राहिला.

उत्तरार्धात चेंडू इनायतच्या पायाशी आला, तोही आपल्याच गोलसमोर. समोरच्या पोरी तिच्यावर धावून आल्या. ती घाबरली, मान खाली घालून नुसती गोल गोल फिरायला लागली.

"इनायत! मुंडी वर घे की! पायाखाली सोनं पुरलंय व्हय?"

नुपूर ओरडली होती. घरात मराठीला "आय नो" आणि "व्हॉटेव्हर" एवढंच उत्तर देणारी ही पोर! आणि त्या 'व्हय'चा हेलसुद्धा जसाच्या तसा.

इनायतला त्यातलं ओ की ठो कळलं नसणार. पण तिने दचकून मान वर केली, तिला मोकळी उभी नुपूर दिसली आणि तिने चेंडू ढकलला. नुपूर तो घेऊन सुटली, मान वर करून. गोल काही झाला नाही, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. ती मात्र हात हलवत, ओरडत परत आपल्या जागेवर पळाली.

कमलिनीताईंनी ओढणी तोंडाशी धरली. डेना रेषेवरून धावतच सदानंदकडे आली. "व्हॉट डिड शी से?"

बधिरपणा उतरताना दाढेची जागा ठणकायला लागते, तसं सदानंदच्या आत काहीतरी ठणकत होतं. डोळे भरून आले होते, ओठ उघडले असते तर हुंदकाच बाहेर आला असता. त्याने तोंडातल्या काडीकडे बोट दाखवलं. आज बोलायला बंदी होती.