खंडेनवमीला पुजलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सेलूच्या एका टंकलेखन वर्गाच्या माळ्यावर पोत्याखाली पडून आहे. माझी वायर उंदरांनी कुरतडली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्याकडून जे झाले, त्यापुढे उंदीर बिचारे काय करणार!

त्र्याण्णव साली वर्गाच्या मालकीणबाई, कुसुमबाई, यांनी मला पुण्याहून आणले. त्यांचा धाकटा भाऊ सूर्यभान तिकडे संगणकाच्याच कामात होता. त्याने वीस-बावीस फ्लॉप्या एकामागून एक घालून माझ्यात लिनक्स नावाची नवी प्रणाली बसवली आणि बहिणीला बजावले, "ताई, एकदम खटका दाबून बंद करू नको, आधी बंद करायची आज्ञा दे. अन् महत्त्वाच्या कामाची एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठिव." पहिली गोष्ट कुसुमबाईंनी कधी चुकवली नाही. नक्कलही त्या करायच्या, पण ती फ्लॉपी माझ्याच डोक्यावर ठेवायच्या. नजरेसमोर असलेली बरी, असे त्यांचे म्हणणे.

दर बाजारच्या दिवशी भिवराबाई नावाची म्हातारी यायची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत तिची वस्ती जळाली होती. सतरा घरे. कागद घरांबरोबरच गेले, माणसे पोटासाठी पांगली. कोणत्या घरात कोण राहत होते, काय जळाले, कोण परतलेच नाही, हे सारे तिला पाठ होते. विसरू नये म्हणून पंधरा वर्षे ती रोज सकाळी चुलीपुढे बसून ते स्वतःशीच म्हणायची. कुसुमबाईंनी ते माझ्यात उतरवायला घेतले. मला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. सतरावे घर लिहून झाले तेव्हा म्हातारीने माझ्यावरून हात फिरवला. "लय हलकं वाटायलंय बाई," ती म्हणाली. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजतात. कुसुमबाईंनी टंकयंत्रे पुसली, मला झेंडूचा हार घातला. नारळ फोडून त्याचे पाणी भक्तिभावाने माझ्यावर शिंपडले. ते जाळीतून सरळ आत गेले. फ्लॉपीलाही त्यांनी ठसठशीत ओले कुंकू लावले, ते नेमके तिच्या उघड्या खाचेवर, जिथे लिहिलेले वाचले जाते. मग हात जोडून मला सुरू करायला खटका दाबला. आत चर्र झाले, धूर निघाला. लिहिलेले सारे जिच्यावर होते, ती माझी तबकडी गेली. फ्लॉपी पुढे पुण्यातही वाचता आली नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, कुसुमबाई वही-पेन घेऊन म्हातारीकडे गेल्या. परत आल्या आणि सणाला आलेल्या भावासमोर ढसाढसा रडल्या.

"रागावली असती तर बरं झालं असतं रे! म्हणली, 'तुमी लिहून घेतलं, तवापासून म्या म्हणायचं सोडलं. पंधरा वर्सांनी डोळ्याला डोळा लागला. आता घरं याद येईनात बाई.'"

त्या सहा-सात वेळा गेल्या. जानेवारीत विद्यापीठाचे नामांतर झाले, तेव्हाही त्यांच्या हातावर पेढा ठेवून म्हातारी आठवायचा प्रयत्न करत बसली होती. वही सहाव्या घरापुढे सरकली नाही.

मित्रांनो, यंत्राची पूजा खुशाल करा, पण कोरडी करा. नक्कल दुसऱ्या घरात ठेवा, ती अधूनमधून उघडून वाचा. तुमच्या भरवशावर कुणीतरी आठवायचे सोडलेले असते. त्या वस्तीतली अकरा घरे एकदा आगीत गेली होती. दुसऱ्यांदा ती माझ्यात गेली.