‘फाटक लावू नकोस’मधला श्वास

‘फाटक लावू नकोस’ हे गाणं आजवर अकरा जणांनी रेकॉर्ड केलं, आणि अकराही जणांनी श्वास एकाच जागी घेतला. पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘मी अजून’ म्हणायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि मग ‘इथंच आहे’. रॉन्डा पर्विसच्या रेकॉर्डने ते देशभर गाजवलं तेव्हा ट्रक चालवणारे दांडगे पुरुषसुद्धा त्या श्वासापाशी डोळे पुसायचे. पुढे डिस्कोवाल्यांनी गाण्याचा पार चुराडा केला, श्वास तेवढा ठेवला. जमैकात ते डोलत डोलत गायलं गेलं, आयर्लंडमध्ये लग्नांत वाजलं. एका जपानी बाईने शब्द सगळे बदलले. श्वास मात्र जिथल्या तिथे.

या सगळ्या रेकॉर्डी आयडेला क्राउचच्या कपाटात होत्या, आणि तो श्वास तिचा होता.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, गाणी-रेकॉर्डींच्या त्या गावात, स्टार मंडळी गाणं कागदावर वाचून घेत नाहीत. लिहिणारा आधी एखादी चांगल्या गळ्याची बाई बोलावून टेप करतो. बाई गाऊन घरी जाते, आणि स्टार ती टेप ऐकून तिच्या हरकती जशाच्या तशा उचलते. आयडेलाने अशा शेकडो टेपा गायल्या. रेकॉर्डवर नाव एकदाही आलं नाही, कारण असल्या बायकांचं येतच नसतं. त्याचं तिला फारसं वाटत नसे. राग होता तो हॉइट लँगलीचा. गाणं लिहिलं त्याने, कबूल. पण प्रत्येक मुलाखतीत तो श्वासही स्वतःच्या नावावर खपवायचा, आणि ते ऐकलं की आयडेलाचा दिवस नासायचा. एकदा, फक्त एकदा, त्याने चारचौघांत खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून रविवारी दुपारी हॉइट गीतकारांच्या कॅफेत गाणार होता. तिची मुलगी ट्वायला मागेच लागली.

“तू नुसती चल गं.”

“तू तोंड उघडणार नसशील तर येते.”

“नाही उघडत. शपथ!”

ट्वायलाची शपथ किती टिकते हे आयडेलाला एव्हाना कळायला हवं होतं.

कॅफेत चार गीतकार मधोमध खुर्च्या टाकून गोलात बसले होते, भोवती श्रोते. इथे गाण्याच्या वेळी कुणी बोलत नाही. टेबलांवर पेयं आणून देणारी मुलगीसुद्धा ग्लास दबकत ठेवते. हॉइट आता एक्याऐंशीचा झाला होता, पण भाव खाण्यात कमी नव्हता.

“लोक विचारतात, हा थांबा सुचला कसा?” तो म्हणाला. “माझी बायको घर सोडून गेली, त्या दिवशी लिहायला बसलो. ‘मी अजून’ लिहिलं आणि हात पुढे जाईना.”

श्रोते हळहळले. टेप झाली त्या दिवशी ती बायको स्टुडिओत बसून तळलेली कोंबडी खात होती, हे आयडेलाला चांगलं आठवत होतं.

“थापाड्या!” ट्वायला मोठ्याने म्हणाली.

चारी बाजूंनी ‘शूऽऽ’ आलं. आयडेलाने तिची बाही ओढली. “बस खाली. लाज आणशील.”

“शू काय शू? पन्नास वर्षं तू मूग गिळून बसलीस, आता मीही बसू?” ट्वायला उभी राहिली. “तो थांबा बायकोबियकोमुळे नाही आला, माझ्यामुळे आला! टेप गायली माझ्या आईने. मी हिच्या पोटात होते, सातवा महिना. ही ‘मी अजून’ म्हणाली आणि मी लाथ मारली. हिचा दम तुटला, झालं!”

लोक हसले. हॉइट हसला नाही. त्याने गिटार खाली ठेवली आणि आयडेलाकडे बघत राहिला. हा आता ‘कोण ही बाई’ म्हणणार, असं तिला वाटलं.

“हिरवा कोट,” तो म्हणाला. “बटणं लागत नव्हती.”

“भावाचा होता,” आयडेला म्हणाली.

“मी म्हटलं होतं, चुकलं, परत घेऊ.”

“आणि मी म्हटलं, घे हवं तितक्यांदा. पोर आत आहे तोवर असंच होणार.”

हॉइटने चष्मा पुसला. पुसायला फार वेळ लावला. “मंडळी, एका रेडिओवाल्याने विचारलं आणि मी थाप मारली. लोकांना इतकी आवडली की मलाच खरी वाटायला लागली. गाणं मी लिहिलं. पण रॉन्डाने गायलं ते हिचं ऐकून, आणि बाकीच्यांनी रॉन्डाचं ऐकून. ती जपानी बाईसुद्धा या पोरीची लाथच गातेय.”

तो स्वतःच्या खुर्चीवरून उठला आणि त्याने ती आयडेलाला देऊ केली. आयडेला ताठ मानेने गोलात जाऊन बसली.

“तर मंडळी, या आपल्या…” हॉइट अडला. कोट आठवत होता, बटणं आठवत होती. नाव आठवत नव्हतं. ट्वायलाने तोंड उघडलं, पण आयडेलाने हात वर करून तिला थांबवलं आणि माइक स्वतःकडे ओढला.

“आयडेला मे क्राउच,” ती सावकाश म्हणाली. “लिहून घे, हॉइट. आणि गिटार उचल. रॉन्डाच्या नाही, माझ्या पट्टीत.”