छातीला आलंय

"छाया, आण्णा काय म्हणतात गं? निघायचं का?" नवसाबाईने दारातून विचारलं आणि लगेच जीभ चावली.

आण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन आठवडा झाला होता. मयतीला सगळ्यांत आधी हीच शेजारीण येऊन बसली होती आणि आता त्यांचंच मत विचारत होती. एरवी मी तिला चांगली फैलावर घेतली असती, पण मला रागच आला नाही. आठवडाभर काहीच येत नव्हतं. राग नाही, रडू नाही, भूकसुद्धा नाही.

बाहेर महापालिकेची रिक्षा भोंगा वाजवत फिरत होती. परतीच्या पावसात समुद्रात वादळ उठलं होतं, ते डहाणूकडून वर चढून संध्याकाळी नाशिकवर येणार होतं. धरण काठोकाठ भरलेलं. गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या लोकांनी पंचवटीतल्या शाळेत जावं, असं भोंगा सांगत होता. आमच्या गल्लीत एकानेही पिशवी भरली नव्हती. भोंग्याचं ऐकायची आम्हाला सवयच नाही. आम्ही ऐकायचो ते आण्णांचं.

तसे आण्णा कोण मोठे लागून गेले होते? महापालिकेत व्हॉल्व्हमन. सायकलला व्हॉल्व्हची लांब चावी अडकवून जायचे, एका भागाचं पाणी सोडायचे, दुसऱ्याचं बंद करायचे. रिटायर झाल्यावर तेही गेलं. एरवी गल्लीत त्यांना कोणी हिंग लावून विचारत नसे. पण पूर आला की गोणपाटाची खोळ घेऊन ते घाटावर निघायचे आणि सगळी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहायची. आमच्या गावात पूर मोजायचा तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर. पाणी त्याच्या कमरेला आलं तर सामान माळ्यावर टाकायचं, छातीला आलं तर निघायचं. आण्णा परत येऊन म्हणायचे, "छातीला आलंय," की गल्ली रिकामी.

"राज सकाळीच बघून आला," मी नवसाबाईला म्हटलं. राज माझा नवरा. मुंडण केल्यापासून तोही भिंतीला टेकून नुसता बसून असायचा. "गुडघ्याला आहे म्हणाला."

"मग टाईम हाय अजून. मी डाळ लावून घेते."

"मावशी, वारा येणार आहे. मारुती काय वारा मोजतो?"

"ते खरंय गं. पण आपलं ठरल्यालं हाय ना," असं म्हणून ती गेली. डोक्यावर पत्रे वाजत होते. त्यांच्यावर ठेवलेल्या विटा जागेवरून सरकत होत्या.

मी आत वळले. आण्णा जिथे गेले त्या कोपऱ्यात परातीत पीठ पसरलं होतं, गेलेल्याची खूण त्यात उमटते म्हणतात; पिठावर दिवा, वर टोपली. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही, जागेवरून हलवायचा नाही आणि घरही रिकामं ठेवायचं नाही. सासूबाई त्याच्याशेजारी बसून होत्या. मध्येच टोपली उचलून तेल घालायच्या.

"आई, चला. आपले पत्रे जुने झालेत."

"दिवा सोडून कुठं येऊ? तुम्ही दोघं जा."

"सुतकात तुम्हाला एकटं टाकून जाऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि तुम्ही बसलात तर नवसाबाई बसणार, नवसाबाई बसली तर समोरची कमळाबाई बसणार. एक पत्रा उडाला तर मान कापून जाईल कुणाची तरी."

सासूबाईंनी टोपली उचलली. मग वात पुढे सारत म्हणाल्या, "ते मारुतीकडं कधी गेलेच नाय."

"कोण?"

"तुझे सासरे. पुलाच्या कोपऱ्यावर बिडी ओढायचे आन यायचे. निघायच्या आधी मला विचारायचे, भागे, भीती वाटती का? मी नाय म्हणलं तर कमरेला. हो म्हणलं तर छातीला."

राजने भिंतीला टेकलेली पाठ सोडवून आईकडे पाहिलं. मला हसू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं अख्खी गल्ली तुमच्या भीतीवर हलत होती?"

"कधी चुकली नाय माझी भीती," त्या म्हणाल्या.

"मग आज काय म्हणते?"

"तेच तर. सकाळधरनं बघती. भोंगा वाजतोय, पत्रा वाजतोय, पर आत काय हालतच नाय. ते होते तवा वाटायची. आता कशाची वाटंल?"

टोपलीच्या फटींतून दिव्याचा उजेड त्यांच्या पायांवर पडला होता. मागच्या बाजूला कुणाचं तरी पिंप गडगडत गेलं.

"तुला वाटती का?" त्यांनी मला विचारलं.

मी स्वतःच्या आत शोधून पाहिलं. तिथेही सगळं कोरडंच होतं. पण ज्या माणसाने हे विचारायचं तो गेला होता, आणि जिने उत्तर द्यायचं तिच्याकडे उत्तर उरलं नव्हतं. कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "लय वाटते."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. खोटं त्यांना कळलं असणारच, इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढलेली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी दिव्यात काठोकाठ तेल घातलं, वात सारखी केली आणि वर टोपली पालथी घातली. पिठाकडे वळून पाहिलं नाही. मग पदर डोक्यावरून घेऊन आठवड्यात पहिल्यांदा ओट्यावर आल्या.

"ह्यांनी सांगितलंय," त्या गल्लीला म्हणाल्या. "छातीला आलंय. निघा."

मेलेल्या माणसाने कसं सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. गॅसची बटणं बंद झाली, पिशव्या भरल्या. नवसाबाईने गरम कुकर तसाच टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला. आमच्या दाराला राज कुलूप लावायला गेला, तेव्हा सासूबाईंनी त्याचा हात बाजूला केला आणि दार नुसतं लोटून घेतलं.

वाऱ्यात चालणं जड जात होतं. पुलापाशी वळलो की घाट दिसतो. सासूबाईंनी मान तिकडे वळवली नाही, पण बाकी सगळ्यांनी पाहिलं. मारुती शेंदरी अंगाने पावसात उभा होता आणि पाणी त्याच्या गुडघ्याला होतं, सकाळी होतं तिथेच.

कमळाबाई थबकली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग नवसाबाईकडे.

नवसाबाईचे दोन्ही हात कुकरला गुंतले होते. तिने मारुतीला नुसती मान लववली.

"चल गं," ती म्हणाली. "छातीला आलंय."