दोर एकच होता

डोंगरकडा गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत शांतवनकाकांचा शब्द कुणी मोडत नसे. चाळीस वर्षं ते पंच होते. पाळक, म्हणजे धर्मगुरू, यायचे, चार-पाच वर्षं राहून बदलून जायचे, काका मात्र जागचे हलले नव्हते. दर उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, ते उभे राहून "तो माझ्या जागी मेला" असं म्हणाले की बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे. काकांचे स्वतःचे डोळे मात्र कोरडेच राहायचे. वाक्य तोंडात इतकं बसलं होतं की ते म्हणताना वेगळा विचार करावा लागत नव्हता.

यंदाच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ते कळमनुरीच्या दवाखान्यात होते. नाकाला प्राणवायूची नळी होती. पायथ्याशी त्यांची बायको मार्था पदराचं टोक तोंडात धरून बसली होती आणि भिंतीला टेकून कादर मिस्त्री उभा होता. काकांच्या विहिरीतला गाळ काढायचा म्हणून त्यानंच सकाळी पाणी उपसायला डिझेल इंजिन आणलं होतं. पाणी खोल होतं, म्हणून इंजिन आत खालच्या टप्प्यावर उतरवलं होतं. तासाभरानं ते आपोआप बंद पडलं, आणि काका बघायला खाली उतरले. त्यापुढचं त्यांना काही आठवत नव्हतं.

"मी म्हणलं होतं काका," कादर हळू आवाजात म्हणाला. "धूर निघून जाऊ द्या. घंटाभर कुणी उतरू नका. तुमी ऐकलं न्हाई."

"मला वर कुणी काढलं?"

कादरनं मार्थाबाईंकडं पाहिलं.

"जळबानं," कादर म्हणाला.

काकांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कोणता जळबा?"

"तुमच्या बांधाला हळद करतो, तो. माझा आवाज ऐकून पळत आला. दोर एकच होता. त्याच्या कमरेला बांधून मी त्याला खाली सोडला. वाटलं, तुमाला धरून वर येईल. त्यानं खाली काय केलं, तर सवताच्या कमरेचा दोर सोडला अन् तुमच्या काखंतून बांधला. ओढ म्हणून हाक दिली. मी अन् दोन गडी, आमी ओढलं. तुमाला काठावर टाकलं अन् दोर परत खाली सोडला. दोर हालंना, काका. धरायला कुणी न्हवतं."

काकांनी छताकडं पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांची छाती वर-खाली होत होती आणि प्रत्येक श्वास आत जाताना घशाला खरखर लागत होती. हा श्वास आपण घेतोय आणि जळबा घेत नाही, एवढं एकच त्यांना कळत होतं.

जळबाला प्रभुभोजनाच्या, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या पंक्तीतून उठवून दोन वर्षं झाली होती. त्याची लेक तापानं फणफणली होती, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईनं मरीआईला बकरं बोललं होतं. लेक बरी झाली आणि नवस फेडताना जळबा तिथं दिसला. काकांनी मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, "येशूचा यज्ञ एकदाच झाला, सगळ्यांसाठी झाला. त्याला पुन्हा दुसरं रक्त लागतं असं ज्याला वाटतं, त्यानं ही भाकर घेऊ नये." ठराव झाला आणि मंडळीच्या यादीतून जळबाचं नाव कमी झालं. त्यानंतर जळबा तीनदा काकांच्या ओसरीवर आला. तिन्ही वेळा काकांनी त्याला उभ्यानंच परत पाठवलं. तरी दर रविवारी तो मंडळीच्या देवळात यायचा आणि चपलांपाशी, दारात बसायचा.

रात्री उशिरा पाळकसाहेब आले. तरुण माणूस होता, घाबरलेला होता. प्रार्थना झाल्यावर ते अडखळत म्हणाले, "काका, एक विचारायचं होतं. उद्या माती द्यायची आहे. पण जळबाचं नाव आपल्या यादीत नाही. नियमानं आपल्या दफनभूमीत जागा... तो ठराव तुमचाच होता, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

काका कोपरावर जोर देऊन उठून बसले.

"मी येतो," ते म्हणाले. "मी आल्याबिगर काही करू नका."

डॉक्टर नको म्हणत असताना, सकाळी कादरच्या गाडीतून ते जळबाच्या दारात उतरले. अंगणात माणसं होती, त्यांनी वाट करून दिली. पेटी मधोमध ठेवली होती. जळबाची बायको द्वारकाबाई पेटीजवळ बसली होती. ती रडत नव्हती.

"बाई," काका म्हणाले, "माती आपल्याच भूमीत होईल."

तिनं वर पाहिलं. "नेमाचं काय झालं, मामा?"

"नेम मीच केला होता."

"दोन साल तो दारात बसला. येशूनं न्हाई बसवलं त्याला तिथं, तुमी बसवलं. आज आत घेऊन राहिलात, ते त्याच्यासाठी, का तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून?"

काकांनी पेटीकडं पाहिलं.

"मला ठावं न्हाई, बाई," ते म्हणाले.

कोपऱ्यात गोधडीवर जळबाची आई होती. तिला नीट दिसत नव्हतं, पण आवाज तिनं ओळखला. "कोण, पंच का? बकरं मी बोलले होते, बाबा. त्यानं सुरीला हात लावला न्हाई. माझे पाय चालंनात म्हणून मला खांद्यावर बसवून नेलं अन् लांब उभा राहिला. म्हणायचा, माये, माझं देवाशी येगळं हाय, पर तुला रडवून मी प्रार्थना कशी करू?"

काका खाली मातीतच बसले. "मला हे कुणी सांगितलं न्हाई," ते पुटपुटले.

"तुमी पुसलं कव्हा?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

द्वारकाबाई उठली आणि पदर खोचून म्हणाली, "चला. ऊन चढायलंय."

शुक्रवारी देवळात बसायला जागा नव्हती. वधस्तंभावरच्या येशूच्या शब्दांपैकी क्षमेच्या शब्दावर बोलायची पाळी काकांची होती. ते उभे राहिले, चष्मा लावला, लिहून आणलेला कागद उघडला आणि पुन्हा घडी घातला.

"तो माझ्या जागी मेला, असं मी तुमाला लई वर्षं सांगत आलो," ते म्हणाले. "मला वाटायचं, मला ते कळलंय. मंगळवारी माझ्या जागी एक माणूस खरंच मेला. त्याला मी भाकरीपासून उठवलं होतं. तीनदा माझ्या दारी आला, मी त्याला बस म्हणलं न्हाई. मला आता जेवण जात न्हाई, झोप लागत न्हाई. कुणी आपल्यासाठी मरतं म्हणजे काय, हे इतकं भयंकर असतं, हे मला म्हाईत न्हवतं. म्हाईत असतं तर मी ते इतक्या सहज बोललो नसतो. आजपासून मी पंच न्हाई. अन् जळबाचं नाव यादीत परत लिवा. मेलेल्याचं नाव लिवता येत न्हाई म्हणत असाल, तर माझं खोडा."

ते बसले. गाणं सुरू करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर निघाल्यावर दोन जुने पंच आपसात कुरकुरले, की असं भरल्या देवळात बोलायला नको होतं, ठराव म्हणजे काही खेळ नाही. पण पाळकसाहेबांनी त्याच दिवशी नाव लिहिलं.

ईस्टरला द्वारकाबाई लेकीला घेऊन आली. भाकरीचं ताट फिरत आलं, तेव्हा लेकीनं तुकडा घेतला, आईनं मात्र ताट तसंच पुढं दिलं. काकांनी ते पाहिलं. त्यांच्यापुढं ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेऊन जिभेवर ठेवला. त्यांना तो गिळता येईना. मग लहान मुलासारखे ते हमसून रडले आणि रडता रडताच त्यांनी तो गिळला.

सोमवारी ते जळबाच्या शेतावर गेले. अर्धी हळद खणायची राहिली होती, खणलेली कढईत शिजत होती. वाफेनं शेत भरलं होतं. द्वारकाबाईनं त्यांना येताना पाहिलं आणि काही न बोलता शिजलेल्या हळदीच्या ढिगाकडं बोट केलं. काका वाकून ती ताडपत्रीवर पसरू लागले. हात पिवळे झाले, कंबर धरली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, तो काहून उतरला असंल? माझ्यासाठी?"

तिनं फावडं टेकवलं. "तुमाला वाटून राहिलं, त्यानं तुमाला माफ केलं अन् मग उतरला. तसं काही न्हाई, मामा. त्याला इचार करायला येळ कुठं होता? खाली माणूस पडलं, म्हणून उतरला. तुमच्या जागी कादरभाई असता, तरी उतरला असता. एखादं चोरटं असतं, तरी."

त्या उत्तरात काकांसाठी वेगळं असं काहीच नव्हतं. ते जळबाचे कोण होते, चांगले की वाईट, हे कुणी मोजलंच नव्हतं. हे ऐकून त्यांना दुःख व्हायला हवं होतं. पण छातीवरचा दगड कुणीतरी थोडा सरकवल्यासारखं वाटलं आणि मंगळवारपासून पहिल्यांदा त्यांचा श्वास खोल गेला.

"त्याला राग न्हवता का माझा?"

"होता की," ती म्हणाली. "लई होता. घरी तुमाला शिव्या देऊन राहायचा." तिच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. काका तिथंच उभे राहिले, तिला रडू दिलं.

पदरानं तोंड पुसून तिनं ताडपत्रीची एक कड धरली. "तिकडून धरा," ती म्हणाली. "सावली येऊन राहिली, ओढून उन्हात घेऊ."